गाळाची परीक्षा घेणारी लाल अळी

उघड्या राहिलेल्या पाण्याच्या टाकीच्या तळाशी, नाहीतर नाल्याकाठच्या चिखलात वळवळणारी लालभडक अळी तुम्ही कधीतरी पाहिली असेल. "ई!" म्हणून मागेही सरकला असाल. ही कायरोनोमस नावाच्या किड्याची अळी. मोठा झाला की तो अगदी डासासारखा दिसतो, पण चावत मात्र नाही, बरं का!

अळीला लाल रंग येतो तो हिमोग्लोबिनमुळे. हो, आपल्या रक्तात असतं तेच. गाळात प्राणवायू फार कमी; जो मिळेल तो धरून ठेवायला हे हिमोग्लोबिन तिच्या कामी येतं. लाळेच्या धाग्यांनी गाळाचे कण चिकटवून ती नळीसारखं घर बांधते आणि आजूबाजूचा गाळच खाते. म्हणजे गाळात जे असेल ते तिच्या अंगाला लागणार, पोटातही जाणार. गाळ तपासणाऱ्या शास्त्रज्ञांना असाच प्राणी हवा असतो.

पण तपासायचं तर पाणी तपासावं, गाळ कशाला? पाणी वाहून जातं, गाळ मागे राहतो म्हणून! अमेरिकेतल्या हडसन नदीत काठावरच्या दोन कारखान्यांतून कित्येक वर्षं पीसीबी नावाची घातक रसायनं जात होती. १९७७ मध्ये ते थांबलं. पण गाळात रुतलेलं विष तिथेच राहिलं आणि माशांच्या अंगात उतरत राहिलं. शेवटी २००९ ते २०१५ या काळात नदीचा तळ उपसावा लागला.

"मग यंत्राने गाळ तपासला की झालं!" असं तुम्ही म्हणाल. गाळात शिसं किती, जस्त किती, हे यंत्र अचूक सांगतं. पण त्यातलं जिवाला बाधणार किती? काही विष मातीच्या कणांना इतकं घट्ट चिकटतं की अंगात शिरतच नाही, काही सहज शिरतं. ते कळायला जिवंत प्राणीच लागतो.

अमेरिकेतली एक पद्धत अशी आहे. काचेच्या पात्रात १०० मिलिलीटर गाळ, वर १७५ मिलिलीटर स्वच्छ पाणी आणि त्यात १० अळ्या. तापमान २३ अंश सेल्सिअस. रोज थोडं खाणं द्यायचं, पाणी बदलायचं. एकाच गाळाची अशी आठ पात्रं, आणि शेजारी चांगल्या गाळाचीही. दहा दिवसांनी गाळ चाळून जिवंत अळ्या मोजायच्या, वाळवून त्यांचं वजन करायचं. गंमत म्हणजे, चांगल्या गाळातल्या निदान ७० टक्के अळ्या जगल्या नाहीत, तर सगळी परीक्षाच रद्द! चूक प्रयोगाची, नदीची नव्हे. मला हा नियम फार आवडतो.

एक मात्र लक्षात ठेवा. ही अळी सांडपाण्यात मजेत जगते, त्यामुळे नाल्यात ती भरपूर दिसली म्हणून नाला निरोगी ठरत नाही. शिवाय विषारी गाळात ती दर वेळी मरतेच असंही नाही. कधी कधी जिवंत अळीचं तोंड सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की दातांची रांग दिसते: एखादा दात गायब, एखादा दुभंगलेला, मधेच मोठी फट.