शून्याच्या खाली, एक एमबीच्या वर

ईएमएस आज सांगतो म्हणालो होतो. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतोय, कारण एका वाचकाने माझ्या लाडक्या विषयाला हात घातला आहे. त्यांनी हौसेने जुनं ३८६ मशीन चालू केलं आणि कॉन्फिग.सिसमध्ये हायमेम.सिस व डॉस=हाय या ओळी टाकल्या. ६४० केमधले चाळीसेक के मोकळे झाले. पण तेव्हापासून एक जुना प्रोग्रॅम ‘पॅक्ड फाइल इज करप्ट’ म्हणून अडून बसलाय. फाइल धडधाकट आहे. जागा वाढल्यावर प्रोग्रॅम बंद का पडावा?

कारण ए-ट्वेंटी, म्हणजे पत्त्याची एकविसावी तार! सुरुवातीच्या पीसीतल्या ८०८८ प्रोसेसरला पत्त्याच्या तारा २०च, ए-झीरो ते ए-नाइन्टीन. पत्ता काढायची रीत अशी: सेगमेंट गुणिले १६, अधिक ऑफसेट. दोन्ही कमाल, म्हणजे ६५,५३५ धरले तर उत्तर येतं ११,१४,०९५. पण २० तारांवर मावणारा शेवटचा पत्ता १०,४८,५७५. वरच्या ६५,५२० पत्त्यांचा हातचा घ्यायला तारच नाही. तो गळतो आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

यावर विसंबणारे कमी नव्हते. खुद्द डॉस त्यातलाच. सीपी/एम या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमवरचे प्रोग्रॅम सहज आणता यावेत म्हणून डॉस प्रत्येक प्रोग्रॅमच्या आधी जो २५६ बाइटचा भाग जोडतो, त्यात एक ‘कॉल’ ठेवलेला असे. त्याचा पत्ता एक एमबीच्या १९२ बाइट पुढचा! ८०८८वर तो निमूट १९२व्या बाइटवर उतरे, आणि डॉसला तेच हवं असे.

१९८४च्या पीसी एटीत ८०२८६ आला, २४ तारा घेऊन. आता हातचा गळेना. जुने प्रोग्रॅम कोलमडू नयेत म्हणून आयबीएमने ए-ट्वेंटीवर एक फाटक बसवलं, आणि त्याचा ताबा दिला कुणाकडे? कीबोर्डच्या ८०४२ कंट्रोलरकडे. त्याची एक पिन रिकामी होती, एवढंच त्याचं कर्तृत्व! पुढे कंपन्यांनी हे फाटक आपापल्या पद्धतीने बसवलं. हायमेमला मशीनचा प्रकार सांगायचा ‘/मशीन’ स्विच लागतो तो त्यामुळेच.

फाटक उघडलं की ते ६५,५२० बाइट रिअल मोडमध्येही हाताशी येतात. हाच हाय मेमरी एरिया, एचएमए. १९९१च्या एमएस-डॉस ५ने आपला बराचसा पसारा तिथे हलवला.

आता वाचकांचा प्रोग्रॅम. तो एक्सीपॅक या फाइली लहान करणाऱ्या साधनाने आवळलेला आहे. उलगडताना त्याचा कोड सेगमेंटमधून वजाबाकी करतो. डॉस वर गेल्याने प्रोग्रॅम मेमरीत खाली, पहिल्या ६४ केच्या आत उतरला, आणि वजाबाकी शून्याखाली गेली. १६ बिटांत शून्याखाली म्हणजे थेट ६५,५३५च्या आसपास. फाटक बंद असतं तर पत्ता गुंडाळला जाऊन बरोबर जागी आला असता. उघडं असल्याने तो एचएमएत जाऊन पडतो, तिथले भलतेच बाइट वाचतो आणि फाइलच बिघडली म्हणतो. मोकळी मेमरी कमी होती तेव्हा डॉसच खालची जागा अडवून बसला होता, म्हणून ही खोड कधी दिसली नाही.

मायक्रोसॉफ्टला हे माहीत होतं. डॉस ५सोबतच लोडफिक्स ही कमांड आली. प्रोग्रॅमच्या नावाआधी ती लिहा. प्रोग्रॅम पहिले ६४ के सोडून वर चढेल. म्हणजे मोकळ्या केलेल्या जागेतली काही पुन्हा रिकामी ठेवायची! चालतं कराच, आणि मग ईएमएसकडे वळू. तिथे एक एमबीच्या आत राहून बाहेरची मेमरी कशी वापरायची, हे पाहायचंय.