ग्वाल्हेरची माती आणि तिचा कस

ग्वाल्हेर परिसरातील शेतजमीन बरीचशी गाळाची आहे; तिची मोठी उणीव सेंद्रिय कर्बाची. मातीत कर्ब ०.५ टक्क्यांहून कमी असला, की जमीन हलकी धरतात. इथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये कोसळून उघड्या रानाची माती नेतो. शेजारच्या मुरैना-भिंडकडील चंबळचे बीहड हे या धुपीचे टोकाचे रूप.

मातीची तब्येत घरीही पाहता येते. वाळलेले ढेकूळ पाण्याच्या पेल्यात अलगद सोडावे. कसदार मातीचे ढेकूळ बराच वेळ टिकते. कर्ब नसलेले पाहता पाहता विरघळून तळाशी बसते. अशा रानावर पहिल्या सरींनंतर पापुद्रा धरतो आणि पाणी मुरायचे सोडून वाहू लागते.

उपाय जुनेच: उताराला आडवी नांगरट, बांध, कुजलेले शेणखत, पावसाळ्यात फुलोऱ्याच्या सुमारास गाडलेला ताग किंवा धैंचा. बाजरी-मोहरीच्या फेरपालटात मूग-हरभरा घेतल्यास मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे गव्हाचे काड न जाळणे, आणि नेमका तोच टाळला जातो. खतावर खर्च करण्याआधी मातीपरीक्षण करून घ्यावे; २०१५ पासून सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटकांची नोंद मिळते.