कळीत फूल आधीच असतं का?

कार्य आणि कारण यांच्या नात्याबद्दल आपल्याकडे फार जुना वाद आहे. सांख्य म्हणतात, कार्य कारणात आधीपासूनच असतं. तिळात तेल असतं म्हणून ते निघतं. वाळूतून निघत नाही. नैयायिक म्हणतात, मातीत घट नव्हता, तो नव्याने उत्पन्न झाला. आज हा प्रश्न आपण गुलाबाच्या कळीला विचारू.

वरवर पाहता कळी सांख्यांच्या बाजूची वाटते. पाकळीतल्या बहुतेक पेशी कळी लहान असतानाच तयार झालेल्या असतात. उमलताना नव्या पेशींची फारशी भर पडत नाही, असलेल्याच मोठ्या होतात. तेव्हा आपल्याला वाटतं, आत सगळं घडी घालून ठेवलंय, उलगडायचं तेवढं बाकी. पण साडीची घडी उलगडली म्हणून कापड वाढत नाही. पाकळी मात्र वाढते. ही वाढ येते कुठून?

मुख्यतः पाण्यातून. आता पाणी आत यायचं तर त्याला ओढणारं काही हवं. कळीच्या पाकळ्यांत स्टार्च साठवलेला असतो. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या. तशा स्थितीत तो पाणी फारसा ओढत नाही. उमलायची वेळ आली की विकरं म्हणजे एन्झाइम्स या साखळ्या तोडतात. समजा, एका साखळीत 1000 ग्लुकोज आहेत. जिथे एक कण होता तिथे हजार विरघळलेले कण होतात. पेशीतला रस असा दाट झाला की परासरणाने पाणी आत शिरतं.

पाणी शिरलं तरी पेशीभोवती चिवट भित्ती आहेच. ती सैल करणारी प्रथिनं असतात, त्यांना एक्स्पान्सिन म्हणतात. डॅनियल कॉसग्रोव्ह यांच्या गटाने अमेरिकेत 1992 साली ती काकडीच्या कोवळ्या रोपांत ओळखली. गुलाबाच्या पाकळ्यांतही ती काम करतात. पाकळीची आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा जास्त वाढते, म्हणून पाकळी बाहेर वळते. यातलं काहीच फुकट होत नाही. नवं भित्तीद्रव्य घडवायला ऊर्जा लागते आणि त्यासाठी काही साखर श्वसनात जळते.

साठा पुरत नाही, तेव्हा पानांकडून साखर येत राहते. आता फुलवाल्याकडची दांडी बघा. ती झाडापासून तुटलेली असते, शिदोरी असेल तेवढीच. म्हणून फुलदाणीच्या लिटरभर पाण्यात 10 ते 20 ग्रॅम साखर घालतात. सोबत जंतुनाशकही हवं, नाहीतर जीवाणू वाढून दांडीतल्या नलिका बुजवतात. पाणी वर चढलं नाही की कळी न उमलताच मान टाकते.

या मान टाकलेल्या कळीपाशी आपला वाद पुन्हा उभा राहतो. तिच्यात पेशी होत्या, रंग होता, घडणही होती. सांख्य म्हणतील, फूल होतंच, फक्त अभिव्यक्त झालं नाही. नैयायिक लगेच विचारतील, बरं, मग ती अभिव्यक्ती आधी होती की नव्हती? होती म्हणाल तर कळी उमलायला हवी होती. नव्हती म्हणाल तर काहीतरी नवं घडावं लागतं, हे तुम्हीच मान्य केलंत.

आम्हाला इथे नैयायिकांचं म्हणणं जड वाटतं. कळीत फुलाची तयारी असते. फूल मात्र साखर आणि पाणी खर्चून दर वेळी नव्याने घडावं लागतं.