दाराबाहेरची विदुषी : मारिया ओगिल्वी-गॉर्डन

दगड म्हणजे निर्बुद्धपणाची परिसीमा, अशी आपल्या भाषेची समजूत आहे. ज्याला काही समजत नाही तो दगड. ज्याला दया येत नाही त्याचे काळीज दगडाचे. तथापि दगड मुका असला तरी निरक्षर नव्हे. ज्याला त्याची लिपी वाचता येते त्याला तो कोट्यवधी वर्षांपूर्वीचा वृत्तान्त सांगतो. आपल्या देवघरातील शाळिग्रामाचेच उदाहरण घ्या. गंडकी नदीच्या पात्रात मिळणाऱ्या या काळ्या गोट्यांवर जे चक्र दिसते, तो ॲमोनाइट नावाच्या, आज नामशेष झालेल्या सागरी प्राण्याच्या शंखाचा ठसा असतो. हिमालयाच्या कुशीत समुद्रातला प्राणी आला कोठून? जेथे आज पर्वत आहे तेथे एके काळी समुद्र होता, हे त्याचे उत्तर. दगडांशी अशी प्रश्नोत्तरे करणारे जे शास्त्र, ते भूशास्त्र. या शास्त्रात अक्षय्य कीर्ती मिळवणाऱ्या आणि ती कीर्ती इतर स्त्रियांच्या उपयोगी आणणाऱ्या एका विदुषीचा परिचय आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांना व त्यांच्या घरच्या मंडळींना करून देऊ इच्छितो.

मारिया ओगिल्वी हिचा जन्म ३० एप्रिल १८६४ रोजी स्कॉटलंडमधील ॲबर्डीनशायर परगण्यात मॉनिमस्क या गावी झाला. वडील धर्मोपदेशक व पुढे ॲबर्डीन येथील एका विद्यालयाचे मुख्याध्यापक. घरात विद्येचे वातावरण होते आणि सुटीत स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात भटकण्याची मोकळीक होती. मुलीच्या बोटांत संगीत होते. म्हणून वयाच्या अठराव्या वर्षी पियानोवादन शिकण्यासाठी तिला लंडनच्या रॉयल ॲकॅडमीत धाडण्यात आले. त्या काळी सुस्थितीतील मुलीने पियानो वाजवावा यात कोणालाच वावगे वाटत नसे. परंतु लवकरच मारियाच्या मनाने दुसरीकडे ओढ घेतली. संगीताची वाट सोडून तिने एडिंबरोच्या हेरिअट-वॉट महाविद्यालयात आणि नंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विज्ञानाचा अभ्यास केला. भूशास्त्र, वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय घेऊन १८९० साली ती विज्ञानाची पदवीधर झाली. लंडन विद्यापीठाने स्त्रियांना पदव्या देण्यास १८७८ पासून प्रारंभ केला होता, म्हणूनच हे शक्य झाले. ही तारीख ध्यानात ठेवावी. मारिया पंधरा-वीस वर्षे अगोदर जन्मली असती, तर तिच्या बुद्धीत काही उणे नसतानाही लंडनची ही पदवी तिला मिळाली नसती.

पुढील संशोधनासाठी तिने जर्मनीची निवड केली, कारण भूशास्त्राची थोर विद्यापीठे तेव्हा जर्मनीत होती. १८९१ मध्ये तिने बर्लिनच्या विद्यापीठात प्रवेश मागितला. तेथील नामांकित भूगोलतज्ज्ञ बॅरन फर्डिनांड फॉन रिक्टहोफेन यांच्यासारख्यांची सहानुभूती असतानाही प्रवेश नाकारला गेला. कारण एकच : अर्जदार स्त्री होती. मग ती म्युनिकला गेली. तेथे जीवाश्मांचे थोर अभ्यासक कार्ल फॉन झिटेल आणि प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड हर्टविग यांनी तिला खाजगी रीतीने काम करण्याची मुभा दिली. पण विद्यार्थी म्हणून वर्गात बसण्याचा अधिकार तिला नव्हता. तेव्हा अशी तोड काढण्यात आली की, व्याख्यान चालू असता लगतच्या खोलीचे दार किलकिले ठेवावे आणि मारियाने त्या खोलीत बसून ऐकावे. सत्तावीस वर्षांची, लंडन विद्यापीठाची पदवीधर स्त्री दाराआड बसून टिपणे काढते आहे, हे चित्र आमच्या वाचकांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावे.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात रिक्टहोफेन दांपत्याने तिला आपल्याबरोबर आल्प्स पर्वतातील डोलोमाईट नावाच्या भागात नेले. हा प्रदेश तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. पहिल्या महायुद्धानंतर तो इटलीकडे आला. येथील फिकट रंगाचे सरळसोट कडे हिरव्या कुरणांतून एकाएकी उठतात आणि त्यांतील कित्येक शिखरे तीन हजार मीटरांहून उंच आहेत. रिक्टहोफेन यांनी तरुणपणी या कड्यांविषयी एक कल्पना मांडली होती. आमच्या गोव्यात जुन्या घरांच्या भिंतींना तिसऱ्या-खुब्यांच्या कवचांचा चुना वापरीत. समुद्रातील लहान जीव आपल्या अंगाभोवती चुन्याचे घर बांधतात, हे त्यामुळे आपल्या परिचयाचे आहे. पोवळ्यांचे जीव असेच एकावर एक घरे रचून समुद्रात प्रचंड भिंती उभारतात. डोलोमाईटचे कडे म्हणजे फार प्राचीन समुद्रातील अशा प्रवाळभित्तीच होत, असे रिक्टहोफेन यांचे म्हणणे होते. आजच्या गणनेप्रमाणे तो काळ सुमारे तेवीस-चोवीस कोटी वर्षांपूर्वीचा ठरतो.

मारिया तोवर आधुनिक प्रवाळांचा अभ्यास करीत होती. या पर्वतांना पाहताच तिच्या आयुष्याचे कार्य निश्चित झाले. सेंट कॅशियन नावाच्या खेड्याभोवतीची माती सागरी जीवाश्मांनी नुसती भरलेली आहे. हाती हातोडी घेऊन ती एकेक ओढा, एकेक उतार धुंडाळू लागली. मार्गदर्शक गुरुजन म्युनिकला होते. डोंगरातले काम तिला बहुतांशी एकटीनेच करावे लागले. १८९३ साली तिने लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात जो प्रबंध प्रसिद्ध केला, त्यात मृदुकाय प्राणी व प्रवाळ यांच्या ३४५ जाती नोंदल्या होत्या. त्याच वर्षी लंडन विद्यापीठाने तिला विज्ञानातील डॉक्टर ही पदवी दिली. भूशास्त्रात हा मान मिळवणारी ती त्या विद्यापीठातील पहिली स्त्री. १९०० साली, ज्या म्युनिकमध्ये ती दाराबाहेर बसली होती, त्याच विद्यापीठाची डॉक्टर पदवी संपादन करणाऱ्या पहिल्या स्त्रियांत तिची गणना झाली. बव्हेरियाच्या विद्यापीठांत स्त्रियांना रीतसर प्रवेश मिळू लागला तो १९०३ पासून. बर्लिन ज्या प्रशियात होते तेथे १९०८ पासून. गुरू झिटेल यांनी लिहिलेला भूशास्त्राचा इतिहास तिने इंग्रजीत आणला व तो १९०१ मध्ये प्रसिद्ध झाला.

मधल्या काळात, १८९५ साली, ॲबर्डीनचे डॉक्टर जॉन गॉर्डन यांच्याशी तिचा विवाह झाला होता. विवाहाने संशोधन संपले नाही. पती व मुले यांच्यासह गॉर्डनबाई पुनःपुन्हा डोलोमाईटकडे येत राहिल्या.

त्यांचा मुख्य सिद्धान्त समजण्यास आपण एक घरगुती दाखला घेऊ. ओले लुगडे दोन्ही हातांनी पिळावे, म्हणजे त्यावर तिरप्या, एकमेकींत गुंतलेल्या घड्या पडतात. गॉर्डनबाईंचे म्हणणे असे की, भूकवचावर वेगवेगळ्या दिशांनी दाब आल्यामुळे डोलोमाईटच्या थरांनाही असाच पीळ बसला आहे. कित्येक ठिकाणी थर तुटून एकमेकांवर सरकले आहेत. म्हणून कड्याशेजारी एकाएकी निराळा खडक दिसला की तेथे प्रवाळभित्तीची मूळ कड होती असे समजणे धोक्याचे आहे. थर तेथे मागाहून सरकलेले असू शकतात. ज्यांनी आपल्याला या पर्वतात आणले त्यांच्याच मताला ही पुरवणी व काही अंशी विरोध होता. पुढील संशोधनाने काय ठरवले? प्रवाळभित्तींविषयी जुन्या पंडितांचे म्हणणे पुष्कळसे खरे ठरले आणि गॉर्डनबाईंची सारीच मते टिकली नाहीत. परंतु आल्प्समधील थर दुमडले आहेत, सरकले आहेत आणि हे ध्यानात घेतल्यावाचून या पर्वतांचा अर्थ लागत नाही, ही त्यांची दृष्टी अचूक ठरली. त्यांचे बारकाईने काढलेले नकाशे पुढील अभ्यासकांच्या उपयोगी पडले.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. वीस वर्षांहून अधिक काळच्या परिश्रमाचा ग्रंथ त्या सुमारास जर्मनीत छपाईच्या वाटेवर होता. युद्धाच्या धामधुमीत त्याचा मजकूर, नकाशे व चित्रे हरवली. १९१९ मध्ये पतीचे निधन झाले. या दोन आघातांनंतर कोणीही हातोडी खाली ठेवली असती. गॉर्डनबाई पुन्हा डोलोमाईटला गेल्या, पुन्हा उतार चढल्या, आणि १९२७ साली व्हिएन्नाच्या भूशास्त्र संस्थेने त्यांचा बृहद्ग्रंथ जर्मन भाषेत प्रसिद्ध केला. त्या वेळी त्यांचे वय त्रेसष्ट वर्षांचे होते.

हा झाला त्यांच्या चरित्राचा एक भाग. दुसरा भाग आम्हांस तितकाच मोलाचा वाटतो. पुष्कळ कर्तबगार माणसे म्हणतात, 'आम्ही कष्ट सोसून वर आलो, तुम्हीही तसेच या.' ज्या दाराबाहेर आपण तिष्ठत बसलो तेथे इतरांनी तिष्ठू नये, असे गॉर्डनबाईंना वाटले. शाळा सोडणाऱ्या मुलामुलींना कोणता व्यवसाय घ्यावा हे सांगणारे कोणी नसते, हे पाहून त्यांनी १९०४ पासून यासाठी शिक्षणखात्याशी जोडलेल्या सल्ला व रोजगार कचेऱ्या असाव्यात असा आग्रह धरला. स्कॉटलंडच्या १९०८ च्या शिक्षण कायद्यात याची तरतूद झाली. त्याच वर्षी त्यांनी मुलामुलींसाठी निरनिराळ्या व्यवसायांची माहिती देणारे एक पुस्तकही प्रसिद्ध केले. १९१६ ते १९२० या काळात त्या ब्रिटनच्या राष्ट्रीय स्त्रीपरिषदेच्या अध्यक्षा होत्या. याच अवधीत, १९१८ साली, तेथील तीस वर्षांवरील बऱ्याच स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला. राष्ट्रसंघाची उभारणी चालू असता त्याच्या कामात स्त्रियांना स्थान मिळावे म्हणून त्यांनी खटपट केली; राष्ट्रसंघाच्या करारात सर्व पदे स्त्रीपुरुषांना सारखीच खुली राहतील असे कलम आले. लंडनमधील मेरिलबोन येथील न्यायालयाच्या अध्यक्षपदी बसणारी पहिली स्त्री होण्याचा मानही त्यांचा.

लंडनची भूशास्त्रीय संस्था १८०७ साली स्थापन झाली. तिने स्त्रियांना सभासदत्व दिले ते १९१९ साली, म्हणजे एकशे बारा वर्षांनी. जिच्या नियतकालिकात गॉर्डनबाईंचा प्रबंध १८९३ मध्येच छापला गेला, तिच्या सभासद होण्यास त्यांना आणखी सव्वीस वर्षे थांबावे लागले. त्याच संस्थेने १९३२ मध्ये त्यांना लायल पदक अर्पण केले. १९३५ मध्ये 'डेम' हा किताब मिळाला आणि २४ जून १९३९ रोजी लंडन येथे त्यांचे देहावसान झाले. डोलोमाईट पर्वतात सापडलेल्या एका जीवाश्म नेच्याला २००० साली त्यांच्या नावावरून 'गॉर्डनोप्टेरिस' असे नाव देण्यात आले.

या चरित्रातून सामान्यतः एक बोध काढला जातो : जिद्द असली की दाराआडूनही शिकता येते. तो खोटा नाही. पण तेवढाच घेऊन थांबणे आम्हांस अपुरे वाटते. एक मारिया दाराआडून शिकली, म्हणून दार लावलेले असले तरी चालते असे सिद्ध होत नाही. त्या खोलीपर्यंतही ज्या पोहोचल्या नाहीत, अशा किती मुलींची बुद्धी वाया गेली याची मोजदाद कोणत्याही ग्रंथात नाही. 'मुलीला एवढे शिकवून काय करायचे?' हा प्रश्न अजूनही काही घरांतून ऐकू येतो. तो विचारणाऱ्या वडील मंडळींनी ते किलकिले दार एकदा आठवावे. आणि ज्यांच्यासाठी दार सताड उघडे आहे, त्या आमच्या विद्यार्थ्यांनी व विद्यार्थिनींनी वर्गातल्या आपल्या बाकाची किंमत जाणावी. तसेच आपल्या मागून येणाऱ्यासाठी ते दार लोटले जाणार नाही, इकडेही लक्ष ठेवावे.