कोकणातून परत आल्यावर ताप आला तर

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खू वर्षावासासाठी एका जागी थांबतात. आपण मात्र नेमक्या याच दिवसांत गाडी काढतो. वस्तीतल्या दहा-बारा जणांनी मिळून क्रूझर ठरवायची, महाडला चवदार तळ्यावर जायचं, तिथून मंडणगड तालुक्यात बाबासाहेबांच्या मूळ गावी आंबडव्याला, आणि वेळ उरला तर समुद्र. सोलापूरचा उन्हाळा अंगावर काढलेल्या माणसाला ते हिरवे डोंगर बघावेसे वाटणारच. जाऊ नका असं आम्ही म्हणत नाही. पण तिथल्या पाण्याची ओळख करून घेऊन जा.

आपल्याकडे पाऊस पडून गेला की ऊन येतं, माती वाळते. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जमीन वाळतच नाही. या ओलीत लेप्टोस्पायरोसिसचा जंतू आठवडेच्या आठवडे जगतो. तिकडचे लोक या आजाराला नुसतं 'लेप्टो' म्हणतात. उंदीर, घुशी, कुत्री, गुरं यांच्या लघवीतून हा जंतू पाण्यात आणि चिखलात उतरतो. माणसाच्या अंगात तो शिरतो ते जखमेतून, खरचटलेल्या जागेतून, डोळ्यांतून, तोंडातून. आता आपल्या आयाबायांच्या टाचा आठवा. भेगा पडलेल्या, कधी रक्त येणाऱ्या. जंतूला याहून मोठा दरवाजा लागत नाही. चप्पल हातात घेऊन साचलेल्या पाण्यातून चालणं, भातखाचरात उतरून फोटो काढणं, पोरांना डबक्यात खेळायला सोडणं, एवढंही पुरतं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्याकडे अख्ख्या वर्षात तेवढा होत नाही. त्या पुराच्या पाण्यातून माणसं चालत घरी गेली आणि पुढच्या आठवड्यांत तिथे लेप्टोची साथ आली.

यातली खरी अडचण अशी, की ताप तिथे येत नाही. बहुधा पाच ते चौदा दिवसांनी येतो, कधी महिनाही लागतो. तोवर माणूस सोलापुरात, आपल्या कामावर. आमच्या माहितीतला एक गाडीवाला असाच परत आला. आठव्या दिवशी ताप भरला, पोटऱ्या इतक्या दुखायला लागल्या की जिना चढवेना. जवळच्या दवाखान्यात सुई घेतली, सलाईन लावलं, अंगदुखीच्या गोळ्या खाल्ल्या. कुठे जाऊन आलास हे कुणी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली, तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं. डायलिसिसवर वाचला. सुरुवातीला हाच आजार डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त गोळ्यांनी आटोक्यात येतो.

म्हणून केसपेपर काढतानाच सांगा, "आम्ही कोकणात गेलो होतो, अमुक दिवशी परत आलो, पाण्यातून चाललो होतो." डॉक्टर घाईत असले तर दोनदा सांगा. जोराचा ताप, डोकेदुखी, पोटऱ्या आणि कंबर ठणकणं, डोळे लाल पण चिपडं नाहीत, ही लेप्टोची लक्षणं. डेंग्यू आणि मलेरियाही असाच सुरू होतो, म्हणून रक्त तपासल्याशिवाय अंदाज बांधू नये. तोपर्यंत तापाला पॅरासिटामॉल. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन मनानं घेऊ नका. लेप्टोत मूत्रपिंडाला आणि डेंग्यूत रक्तस्रावाला ते भारी पडतं. आणखी एक. लेप्टोची नेहमीची रक्ततपासणी पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते. तेवढ्यावर 'काही नाही' म्हणून घरी बसू नका.

जायच्या आधी काय करायचं? भेगांना रात्री व्हॅसलीन लावून मोजे घाला. पायाला जखम असेल तर वॉटरप्रूफ पट्टी. गमबूट नसले तर निदान बंद प्लास्टिकचे बूट घ्या, बाजारात स्वस्त मिळतात. घाण पाण्यातून जावंच लागलं तर नंतर पाय साबणानं धुऊन कोरडे करा आणि तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना भेटा. ते प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिन देतात. ही गोळी गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलाला देत नाहीत, त्यांच्यासाठी दुसरं औषध असतं. म्हणून एकाची चिठ्ठी दाखवून सगळ्या घराला गोळ्या आणायचा प्रकार इथे चालणार नाही.

अंधारात बॅटरीशिवाय फिरू नका, कोकणात फुरसं फार. साप चावला तर कापू नका, आवळून बांधू नका, पाय हलू न देता १०८ ला फोन करा.

घाट रात्री उतरू नये. २ ऑगस्ट २०१६ ला महाडजवळ सावित्रीवरचा पूल वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्या गेल्या, तेही रात्रीच. समुद्राचं तर विचारूच नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. विहिरीत पोहणाऱ्या आपल्या पोरांना वाटतं, आपल्याला पोहता येतं. विहिरीचं पाणी माणसाला आत ओढून नेत नाही. पावसाळ्यात समुद्र काठावरून बघावा, आणि पोरांचा हात सोडू नये.