चेतक म्हातारी झाली नव्हती

व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकात उत्पादनाच्या जीवनचक्राची आकृती हमखास असते. विक्रीची रेघ हळूहळू चढते, माथ्यावर काही काळ सपाट होते आणि मग उतरते: प्रवेश, वाढ, परिपक्वता, उतरण. थिओडोर लेव्हिट यांनी १९६५ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त लिहिलेल्या लेखामुळे ही कल्पना कंपन्यांच्या बैठकांत पोचली. तिच्याभोवती जमलेल्या गैरसमजांपैकी सर्वांत महागात पडणारा हा: रेघ खाली वळली की उत्पादनाचं वय झालं, आता ते गुंडाळायचं.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर पुण्याच्या चेतकचं घ्यावं. बजाजची ही स्कूटर १९७२ मध्ये आली. परवाना-राज्याचा तो काळ. किती स्कूटरी बनवायच्या हे सरकार ठरवायचं आणि गिऱ्हाईक नोंदणी करून वर्षानुवर्षं वाट बघायचं. म्हणजे त्या काळातल्या विक्रीच्या आलेखात लोकांची मागणी दिसतच नव्हती, दिसत होती ती परवान्याची मर्यादा. १९८४ मध्ये कायनेटिक होंडाने बिनगिअरची स्कूटर आणली, १९८५ मध्ये हिरो होंडाची कमी पेट्रोल पिणारी मोटरसायकल आली आणि चेतकची सद्दी ओसरू लागली. बजाजनेही पुढे मोटरसायकलींवर सगळा भर दिला. डिसेंबर २००९ मध्ये कंपनीने स्कूटरचा धंदा पूर्ण सोडायचं जाहीर केलं. कंपनीची धुरा सांभाळणाऱ्या राजीव बजाज यांच्या या निर्णयाचं आपल्याला वाईट वाटलं, असं त्यांचे वडील राहुल बजाज यांनी तेव्हा उघडपणे सांगितलं होतं.

आकृतीवर बोट ठेवून बघितलं तर सगळं नियमाप्रमाणे झालं. पण २००१ मध्ये आलेली होंडाची अ‍ॅक्टिव्हा त्याच वेळी जोरात खपत होती आणि पुढच्या दशकात स्कूटर देशात दर वर्षी लाखोंनी विकली गेली. कॉलेजच्या मुली, नोकरदार बायका, भाजी आणायला निघालेले आजोबा, सगळ्यांना स्कूटर हवीच होती. नको होतं ते डाव्या मुठीने गिअर बदलणं आणि किक मारत बसणं. उतरण होती ती एका मॉडेलची. ती अख्ख्या स्कूटरच्या नावावर लिहिली गेली. जानेवारी २०२० मध्ये बजाज पुन्हा स्कूटर घेऊन बाजारात उतरली, विजेवर चालणारी, आणि नाव ठेवलं चेतक.

मॉडेल, ब्रँड आणि वस्तूचा अख्खा वर्ग या तिन्हींचं आयुष्य वेगवेगळं असतं. ढल्ला आणि युस्पे या दोघांनी १९७६ मध्येच लेव्हिट यांच्याच नियतकालिकात या कल्पनेवर कडक टीका केली होती. विक्री थोडी मंदावली की व्यवस्थापक ‘उतरण आली’ म्हणून जाहिरातीचे पैसे काढून घेतात, त्यामुळे विक्री आणखी घसरते आणि त्यांचं भाकीत आपोआप खरं ठरतं. मला ही टीका मूळ सिद्धान्ताहून अधिक उपयोगी वाटते.

वस्तू मरते तेव्हाही बातमी नीट येईलच असं नाही. एप्रिल २०११ मध्ये जगभर छापून आलं की टंकलेखन यंत्रांचा जगातला शेवटचा कारखाना भारतात बंद पडला. रोख होता गोदरेजच्या सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या कारखान्याकडे. तिथलं उत्पादन २००९ मध्येच थांबलं होतं आणि तो जगातला शेवटचाही नव्हता. इतर देशांत विजेवर चालणारी टंकयंत्रं तेव्हाही बनत होती.

आता माहिती प्रणालींच्या जीवनचक्राकडे वळू. इथेही एक आकृती आहे: गरजा नोंदवा, आराखडा करा, प्रोग्रॅम लिहा, चाचणी घ्या, सुरू करा. एकेक पायरी उतरत जाणाऱ्या या पद्धतीला ‘वॉटरफॉल’ म्हणतात आणि तिचं श्रेय विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या निबंधाला देतात. निबंध उघडला की गंमत कळते. ‘वॉटरफॉल’ हा शब्द त्यात कुठेच नाही. सरळ पायऱ्यांची आकृती आहे, पण तशीच वापरली तर ती जोखमीची आहे आणि अपयशाला आमंत्रण देते, हे रॉइस लगेच पुढे सांगतात. नवी प्रणाली असेल तर ती दोनदा बनवा, असा त्यांचा सल्ला होता. आकृती सगळ्यांनी उचलली, सल्ला मात्र मागेच राहिला.

‘सॉफ्टवेअर झिजत नाही, एकदा नीट बनवलं की झालं,’ हा दुसरा समज दुकानदारापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना असतो. प्रोग्रॅम झिजत नाही हे खरं, पण त्याच्या भोवतालचं जग बदलत राहतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये एटीएम धडधाकट होती, पण २,००० ची नोट वेगळ्या आकाराची आली आणि देशभरची यंत्रं एकेक करून नव्याने जुळवावी लागली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा आदल्या दिवशीपर्यंत अचूक बिलं करणारं सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी निरुपयोगी झालं. २२ सप्टेंबर २०२५ ला करांचे दर बदलले तेव्हा पुन्हा तीच धावपळ. यात कोणाच्या प्रोग्रॅममध्ये चूक नव्हती. म्हणूनच ‘मेंटेनन्स म्हणजे चुका दुरुस्त करणं’ हेही अर्धसत्य आहे. अमेरिकेत लिएंट्झ आणि स्वॉन्सन यांनी ४८७ संस्थांची पाहणी करून १९८० मध्ये निष्कर्ष मांडले. देखभालीतले निम्म्याहून अधिक श्रम सुधारणांवर जात होते, त्यातही बहुतेक वापरणाऱ्यांनी मागितलेल्या; चुकांच्या दुरुस्तीवर साधारण पाचवा हिस्सा. अंदाजपत्रक करताना सॉफ्टवेअर खरेदीची रक्कम लिहून हात झटकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

बाहेरचं जग असं बदलतं, तसा कधी पुरवठादारही आधार काढून घेतो. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आली आणि मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला तिचा आधार थांबवला. तारीख कितीतरी आधी जाहीर झाली होती. तरी जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढून जून २०१९ पर्यंत सगळ्या एटीएममधून ती हटवा, असं बँकांना बजावावं लागलं. यंत्र पैसे देतंय ना, मग कशाला हात लावा, ही वृत्ती.

याच्या उलटचा गैरसमजही तितकाच घातक: जुनं ते टाकाऊ, नवं आणलं की प्रश्न सुटला. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती एका झटक्यात नव्या प्रणालीवर नेली. लाखो लोकांना आपलीच खाती उघडता येईनात. काहींना दुसऱ्यांची खाती दिसली. बँकेला सुमारे ३३ कोटी पौंडांचा फटका बसला आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी वर ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड केला. नवी प्रणाली चालवायची तयारी पूर्ण झालेली नसताना सगळं एकदम हलवलं गेलं होतं. जुनी प्रणाली किती वर्षांची आहे यापेक्षा ती समजणारी माणसं कंपनीत उरली आहेत का, हे आधी विचारायला हवं. तशी माणसं असतील तर चाळीस वर्षांपूर्वी कोबोल भाषेत लिहिलेला प्रोग्रॅमही बिनघोर चालतो.

शेवटचा टप्पा पुस्तकांत दोन ओळींत उरकतात: प्रणाली निवृत्त करणे. पण प्रणाली बंद झाली तरी तिच्यातल्या नोंदींची जबाबदारी संपत नाही. कंपनी कायद्यानुसार आठ आर्थिक वर्षांच्या हिशेबवह्या जपणं बंधनकारक आहे. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात. तेव्हा तुमच्या कचेरीत जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर बंद करायचं चाललं असेल, तर परवान्याचं नूतनीकरण थांबवण्यापूर्वी पाच वर्षांपूर्वीचं एखादं बिल नव्या प्रणालीत उघडून बघा. उघडलं नाही, तर जुनं इतक्यात बंद करू नका.