संकेतस्थळ-सुगम्यता
दिव्यांग विद्यार्थ्यांना इतरांप्रमाणेच स्वतंत्रपणे वापरता येईल, अशी संकेतस्थळाची व त्यावरील मजकुराची रचना म्हणजे संकेतस्थळ-सुगम्यता होय. याविषयीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रथम १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. चित्रांस शाब्दिक वर्णन, केवळ कळफलकाने चालणारी मांडणी व कर्णबधिरांसाठी चित्रफितींस उपशीर्षके ही तिची प्रमुख अंगे आहेत.

अंध विद्यार्थी संगणकावरील मजकूर स्क्रीन रीडर या वाचक प्रणालीद्वारे ऐकतात. मराठीत यास मुख्य अडथळा अक्षरसंकेतनाचा आहे. जुन्या टंकांत (फाँट) देवनागरी आकृत्या रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसविलेल्या असत. असा मजकूर डोळ्यांस मराठी दिसतो. परंतु वाचक प्रणाली त्याचा उच्चार निरर्थक रोमन अक्षरांप्रमाणे करते. स्कॅन केलेली पाने तर तिच्या लेखी केवळ चित्रेच होत. युनिकोडमध्ये देवनागरी वर्णांस स्वतंत्र संकेतांक असल्याने हा दोष टळतो. २००६ मध्ये विकासास प्रारंभ झालेली ‘एनव्हीडीए’ ही विनामूल्य प्रणाली असा मराठी मजकूर वाचू शकते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम्य स्वरूपात उपलब्ध होण्यासाठी उपाययोजना करणे शासनावर बंधनकारक आहे. तथापि पाठ्यसामग्री मुळातच युनिकोडमध्ये सिद्ध झाली नाही, तर उत्तम साधन हाती असूनही अंध विद्यार्थी तिच्यापासून वंचित राहतो.